बेडक्यात जंतू असूनही रिपोर्ट निगेटिव्ह का येतो? छोट्या चिपचं मोठं काम

खोकला जात नाही, संध्याकाळी अंग तापतं, वजन घटत चाललंय. दवाखान्यात बेडका तपासला, तर रिपोर्ट आला 'निगेटिव्ह'. घरचे म्हणतात, चला, अल्लाहचा शुक्र आहे, टीबी नाही. मग मेडिकलमधून खोकल्याची बाटली येते आणि दोन महिन्यांनी तोच माणूस निम्मा होऊन पुन्हा रांगेत उभा राहतो. या वेळी टीबी निघतो. तोपर्यंत त्याच खोलीत झोपणाऱ्या मुलांनाही लागण झालेली असू शकते.

अशा वेळी आपण लगेच म्हणतो, लॅबवाल्याने चूक केली. पण बऱ्याचदा चूक कुणाचीच नसते. जंतू बेडक्यात असतात, पण इतके थोडे की ते नजरेस पडत नाहीत. ही अडचण सोडवण्यासाठी शास्त्रज्ञांनी केसाएवढ्या बारीक नळ्यांचं एक तंत्र विकसित केलं. त्याला मायक्रोफ्लुइडिक्स म्हणतात. नाव अवघड आहे, काम समजायला सोपं आहे.

हौदातले मासे

मशिदीतला वुजूचा हौद आठवा. अनेक जुन्या मशिदींच्या हौदात मासे सोडलेले असतात. समजा, मोठ्या हौदात दोन-चारच मासे आहेत. तुम्ही एक मगभर पाणी काढलं आणि त्यात मासा आला नाही. म्हणून हौदात मासाच नाही असं म्हणता येईल का? मासा आहे की नाही हे नक्की सांगायचं तर सगळं पाणी जाळीतून गाळावं लागेल.

बेडक्याचं तसंच आहे. समजा, एका मिलिलिटर बेडक्यात टीबीचे १०० जंतू आहेत. तपासणीसाठी आपण त्यातला ५ मायक्रोलिटरचा बारीक थेंब घेतला, म्हणजे मिलिलिटरचा दोनशेवा भाग. हिशोबाने त्या थेंबात सरासरी अर्धा जंतू येतो. अर्धा जंतू काही नसतो. म्हणजे दहापैकी सहा वेळा त्या थेंबात एकही जंतू नसणार. तपासणारा कितीही हुशार असला तरी जे समोरच नाही ते तो पाहणार कसं?

सूक्ष्मदर्शकाखाली टीबीचे जंतू दिसायला एका मिलिलिटरमध्ये साधारण ५ ते १० हजार जंतू असावे लागतात. त्यापेक्षा कमी असतील तर काच बहुधा कोरी दिसते. दुसरा मार्ग म्हणजे जंतू वाढवून बघणं, ज्याला कल्चर म्हणतात. पण टीबीचा जंतू फार आळशी आहे. एकाचे दोन व्हायला त्याला १५ ते २० तास लागतात. त्यामुळे कल्चरचा रिपोर्ट यायला काही आठवडे जातात, आणि तेवढ्यात आजार थांबून राहत नाही.

हवं ते ठेवा, नको ते वाहून जाऊ द्या

म्हणून तिसरा मार्ग निघाला. नमुना मोठा घ्यायचा, त्यातलं नको ते सगळं वाहून जाऊ द्यायचं आणि हवं ते एका छोट्या जागी गोळा करायचं. आपल्याकडे अत्तर असंच बनतं. ढीगभर गुलाबातून पाणी, पाकळ्या, चोथा बाजूला जातो आणि सुगंध तेवढा कुपीत उतरतो. नवव्या शतकात बगदादच्या अल-किंदी यांनी अत्तर आणि ऊर्ध्वपातनावर ग्रंथ लिहिला होता. थोड्यात जास्त साठवण्याची ही विद्या आपल्याला अनोळखी नाही. फरक इतकाच की आता ती नखाएवढ्या जागेत करायची आहे.

पण बारीक नळ्याच का? आपला केस साधारण ७० ते १०० मायक्रॉन जाड असतो. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. चिपमधल्या नळ्या साधारण याच मापाच्या असतात. इतक्या अरुंद जागेत पाणी खळखळत नाही, भोवरे होत नाहीत, ते शिस्तीत सरळ थरांनी वाहतं. शिवाय भिंत जवळ असते. त्यामुळे नळीतून जाणारा जंतू किंवा पेशी कधी ना कधी भिंतीला, खांबाला किंवा जाळीला लागतेच. मोठ्या बाटलीत ती मधल्या मध्ये तरंगत राहिली असती.

पकडण्याच्या पद्धती वेगवेगळ्या आहेत. कुठे आकारावरून चाळतात. कुठे भिंतीला प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडी चिकटवतात. ज्याच्याशी तिची जोडी जमते त्यालाच ती धरते. कुठे लोहचुंबकाचे बारीक मणी वापरतात. कुठे नळी गोल वळवतात, म्हणजे मोठ्या पेशी एका बाजूला आणि लहान दुसऱ्या बाजूला होतात.

यातला एक प्रकार तुम्ही हाताळलेलाही आहे. गर्भ राहिलाय का ते बघायची पट्टी किंवा कोरोनाच्या काळातली घरगुती किट आठवा. नमुना कागदातून सरकत जातो आणि ठरलेल्या रेषेवर लावलेली प्रतिपिंडं हवा तो पदार्थ अडवून धरतात. रंगीत कण तिथे जमत जातात, म्हणून रेष दिसू लागते. विखुरलेलं एका रेषेवर गोळा झालं, इतकाच तो प्रकार.

सीबीनॅटच्या डबीत काय होतं?

सरकारी दवाखान्यात डॉक्टर म्हणतात, 'सीबीनॅट करून घ्या.' ही जीनएक्सपर्ट नावाच्या मशिनवरची तपासणी आहे. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०१० मध्ये तिला मान्यता दिली.

आधी बेडक्यात एक द्रावण मिसळून १५ मिनिटं ठेवतात. त्याने बेडका पातळ होतो. मग साधारण २ मिलिलिटर नमुना प्लास्टिकच्या कार्ट्रिजमध्ये टाकतात. पुढे माणसाचा हात लागत नाही. आतला दट्ट्या नमुना ओढतो, तो एका गाळणीतून जातो आणि जंतू गाळणीवर अडकतात. मग त्यांना धुतात, कारण बेडक्यातली घाण पुढच्या रासायनिक क्रियेत अडथळा आणते. नंतर ध्वनिलहरींच्या माऱ्याने जंतू फोडले जातात आणि त्यांचा डीएनए बाहेर येतो. त्या डीएनएच्या प्रती काढल्या जातात. एकाच्या दोन, दोनाच्या चार, अशा वाढत त्या मशिनला दिसण्याइतक्या होतात.

सगळं काम साधारण दोन तासांत होतं. एका मिलिलिटरमध्ये १३० च्या आसपास जंतू असले तरी ते सापडतात. नंतर आलेल्या 'अल्ट्रा' कार्ट्रिजला तर १६ च्या आसपास पुरतात. कुठे ५ हजार आणि कुठे १६! शिवाय रिफाम्पिसिन हे टीबीचं महत्त्वाचं औषध त्या जंतूवर चालेल की नाही, हेही त्याच वेळी कळतं.

या मशिनला स्थिर वीज लागते आणि जास्त उकाडा चालत नाही. म्हणून आपल्याकडे दुसरा पर्याय तयार झाला, ट्रूनॅट. गोव्याच्या मोलबायो कंपनीचं हे यंत्र बॅटरीवर चालतं, त्यामुळे लहान आरोग्य केंद्रातही ठेवता येतं. यात एक यंत्र बेडक्यातला डीएनए एका कार्ट्रिजमध्ये पकडून, धुऊन गोळा करतं. दुसऱ्या यंत्रात छोट्याशा चिपवर त्याची तपासणी होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये ट्रूनॅटचीही शिफारस केली.

रक्तातली कॅन्सरची पेशी

हीच कल्पना कॅन्सरसाठीही वापरली जाते. गाठीतल्या काही पेशी सुटून रक्तात येतात आणि दुसऱ्या अवयवात जाऊन बसतात. पण एक मिलिलिटर रक्तात सुमारे ५०० कोटी तांबड्या पेशी असतात, आणि कॅन्सरच्या पेशी असल्याच तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या.

मेहमेत तोनेर हे तुर्कस्तानचे शास्त्रज्ञ इस्तंबूल तांत्रिक विद्यापीठात यंत्र अभियांत्रिकी शिकले आणि पुढे बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये संशोधन करू लागले. २००७ मध्ये त्यांच्या चमूने 'नेचर' या नियतकालिकात एका चिपची माहिती दिली. त्या शोधनिबंधात पहिलं नाव सुनीता नाग्रथ यांचं होतं. चिपवर ७८ हजार बारीक खांब होते आणि प्रत्येक खांबावर कॅन्सरच्या पेशी धरणारी प्रतिपिंडं लावली होती. रक्त त्या खांबांमधून हळूहळू सोडलं की हव्या त्या पेशी चिकटून राहत आणि बाकीचं रक्त निघून जाई. पसरलेल्या कॅन्सरच्या रुग्णांच्या ११६ पैकी ११५ नमुन्यांत अशा पेशी सापडल्या.

नंतरच्या एका चिपमध्ये त्यांनी उलटा विचार केला. हव्या त्या पेशीला धरण्याऐवजी नको असलेल्या रक्तपेशीच बाहेर काढायच्या आणि उरलेल्यांत शोधायचं.

इथे एक सांभाळा. 'रक्ताच्या थेंबात कॅन्सर ओळखा' अशा जाहिराती व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात. वरचं काम आधीच कॅन्सर असलेल्या रुग्णांवरचं संशोधन आहे. गाठ असेल तर डॉक्टर सांगतील ती बायोप्सी करावीच लागते. तिला घाबरून या जाहिरातींच्या मागे वेळ घालवू नका.

मशिन नसलेलं शोधू शकत नाही

कितीही चांगली गाळणी असली तरी हौदात नसलेला मासा ती काढून देणार नाही. म्हणून नमुना नीट देणं रुग्णाच्या हातात आहे.

सकाळी उठल्यावरचा पहिला बेडका चांगला. आधी साध्या पाण्याने चूळ भरा, मग दीर्घ श्वास घेऊन छातीतून खोकून तो डबीत घ्या. तोंडातली पातळ लाळ देऊन उपयोग नाही. नमुना मोकळ्या हवेत द्या, घरच्यांच्या मध्ये बसून नको. रमजानमध्ये ज्यांना शंका वाटते त्यांनी सहरीला उठल्यावरच नमुना घेऊन ठेवावा. टीबीची औषधं सुरू असतील तर ती रोज्यात कशी घ्यायची हे डॉक्टरांना विचारा, स्वतःच्या मनाने एकही डोस बंद करू नका.

आणखी दोन गोष्टी. लहान मुलांना बेडका काढता येत नाही आणि गाठीचा किंवा हाडाचा टीबी बेडक्यात सापडेलच असं नाही, तिथे डॉक्टर वेगळा नमुना घेतात. दुसरं म्हणजे ही तपासणी डीएनए शोधते, आणि मेलेल्या जंतूचाही डीएनए असतोच. त्यामुळे उपचारानंतर ती काही काळ पॉझिटिव्ह येऊ शकते. पूर्वी टीबी झाला असेल तर डॉक्टरांना ते आधीच सांगा.

दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल आणि साधा बेडका निगेटिव्ह आला असेल, तर सरळ विचारा, 'डॉक्टर, माझी सीबीनॅट किंवा ट्रूनॅट होईल का? एक्स-रे काढायचा का?' सरकारी केंद्रात टीबीची तपासणी आणि औषधं मोफत आहेत. उपचार चालू असेपर्यंत निक्षय पोषण योजनेतून आहारासाठी दरमहा १००० रुपये मिळतात. आधी ही रक्कम ५०० होती, नोव्हेंबर २०२४ पासून ती वाढली.

आपल्या मोहल्ल्यांत दाटीची घरं आहेत, हवा खेळत नाही, पॉवरलूमच्या धुरळ्यात काम करणाऱ्याला खोकला नेहमीचाच वाटतो. त्यात मुलीचा रिश्ता मोडेल म्हणून आजार लपवला जातो. पण टीबी हा गुन्हा नाही, ऐबही नाही, तो बरा होणारा आजार आहे. दुआ करूच, पण दवेची कास धरणं हेही आपल्याला शिकवलेलंच आहे. मशिदीच्या ट्रस्टींनी जुम्याला दोन मिनिटं हे सांगितलं, तर कदाचित मागच्या सफमध्ये खोकणारा एखादा भाऊ वेळेवर दवाखान्यात पोचेल.