परक्याचा किल्ला, आपला संत

ब्रिटनच्या पश्चिम अंगाला वेल्स नावाचा एक छोटा देश आहे. लोकसंख्या सुमारे ३१ लाख. आपण ब्रिटनमधल्या सगळ्यांनाच 'इंग्रज' म्हणून मोकळे होतो. पण वेल्श माणसाला इंग्रज म्हटलेले मुळीच खपत नाही. त्याची भाषा वेगळी, झेंडा वेगळा आणि संतही वेगळा. या संताचे नाव डेव्हिड. वेल्श लोक त्याला डेवी म्हणतात. १ मार्च हा त्याच्या पुण्यतिथीचा दिवस. त्या दिवशी चर्चमध्ये प्रार्थना होतात, शाळांमध्ये गाण्याबजावण्याचे कार्यक्रम होतात आणि कितीतरी कुटुंबे मुलाबाळांना घेऊन जवळच्या एखाद्या जुन्या किल्ल्यावर जातात.

संताच्या दिवशी देवळात जायचे, हे आपल्याला समजते. पण किल्ल्यावर कशासाठी? आणि त्यातही मौज अशी, की यांतले सर्वांत प्रसिद्ध किल्ले वेल्श राजांचे नाहीतच. वेल्श लोकांना जिंकून धाकात ठेवण्यासाठी इंग्लंडच्या राजाने ते बांधले. आपल्याकडे गड म्हटले की छाती फुगते, कारण तो आपल्या राजाचा असतो. इथे सगळे उलटे. मी काही काळ उत्तर वेल्समध्ये राहत होते, तेव्हा हे कोडे मला पडले होते. ते उलगडायचे तर आधी संताकडे आणि मग किल्ल्यांकडे जायला हवे.

डेवी हा सहाव्या शतकातला साधू. वेल्सच्या नैऋत्य टोकाला, समुद्राजवळच्या एका दरीत त्याने मठ स्थापन केला. मठाचे नियम कडक होते. शेत नांगरायला बैल वापरायचे नाहीत, नांगर साधूंनी स्वतः ओढायचा. खाणे भाकरी आणि भाजीपाल्याचे, पिणे फक्त पाण्याचे. एका सभेत मागच्या लोकांना त्याचे बोलणे ऐकू येईना, तेव्हा त्याच्या पायाखालची जमीनच वर उचलली गेली आणि तिथे टेकडी झाली, अशी कथा सांगतात. मृत्यूपूर्वी त्याने शिष्यांना लहानसहान गोष्टी नीट करत राहण्याचा उपदेश केला, असे परंपरा मानते. वेल्समध्ये आजही शाळेच्या भिंतीवर हा उपदेश लिहिलेला दिसतो. मध्ययुगात या संताची कीर्ती एवढी वाढली, की त्याच्या स्थानाच्या दोन यात्रा म्हणजे रोमची एक यात्रा, असा हिशेब मानला जाऊ लागला.

आता किल्ल्यांकडे वळू. तेराव्या शतकात वेल्सच्या डोंगराळ उत्तर भागात ग्विनेद नावाचे राज्य होते. तिथला राजा लवेलिन डिसेंबर १२८२मध्ये लढाईत मारला गेला आणि इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डने वेल्स जिंकले. जिंकलेला मुलुख हातचा जाऊ नये म्हणून त्याने किनाऱ्याकिनाऱ्याने किल्ल्यांची साखळीच उभी केली. कॉन्वी, कायर्नार्वन आणि हार्लेख यांचे काम १२८३च्या सुमारास सुरू झाले, बोमॅरिसचे १२९५मध्ये. सॅव्हॉय प्रांतातला मास्टर जेम्स हा त्यांचा मुख्य बांधकामप्रमुख होता. समुद्रकिनाराच का निवडला? कारण डोंगरातले वेल्श बंडखोर चहूबाजूंनी वेढा घालून बसले, तरी जहाजातून धान्य आणि माणसे आत आणता यावीत.

किल्ल्याला लागून तटबंदीचे शहर वसवले जाई. कॉन्वीच्या शहराचा तट सव्वा किलोमीटरहून लांब आहे आणि त्यात २१ बुरूज आहेत. हे शहर वसवायचे म्हणून तिथला जुना मठ उठवून दुसरीकडे हलवला गेला. त्याच मठात लवेलिनच्या पराक्रमी आजोबांची समाधी होती. जागा साधी नव्हती, आणि तिची निवडही साधी नव्हती. या नव्या शहरांत इंग्रज वसाहतकरी आणले गेले. वेल्श माणसाला तिथे घर करायला आणि व्यापार करायला कायद्याने मज्जाव होता. स्वतःच्याच मुलुखातल्या शहराचा दरवाजा त्याला बंद झाला.

पण वेल्श लोकांनी हे मुकाट्याने सोसले नाही. १ एप्रिल १४०१ रोजी गुड फ्रायडे होता. कॉन्वीचे शिपाई प्रार्थनेसाठी चर्चमध्ये गेले होते. ती संधी साधून ट्यूडर घराण्यातल्या दोघा भावांनी मूठभर माणसांनिशी किल्ला घेतला. पुढे ओवेन ग्लिंडूर या बंडाच्या नेत्याने १४०४मध्ये हार्लेखचा किल्ला जिंकून तिथे आपला दरबार थाटला. त्याने १४०६मध्ये फ्रान्सच्या राजाला एक पत्र पाठवले. त्यात वेल्सच्या मागण्या होत्या, आणि त्यांतली एक होती संत डेव्हिडच्या चर्चला वेल्सचे मुख्य धर्मपीठ करण्याची. इंग्लंडमधल्या कँटरबरीच्या धर्मपीठाचे वर्चस्व त्याला नको होते. १ मार्चला लोक किल्ल्यावर का जातात, याचे एक उत्तर मला या पत्रात दिसते. वेल्समध्ये संत आणि स्वातंत्र्य यांची गाठ फार जुनी आहे. हार्लेख १४०९मध्ये पुन्हा इंग्रजांकडे गेले, बंड मोडले; ती गाठ मात्र सुटली नाही.

दुसरे उत्तर अगदी व्यवहारातले आहे. वेल्समधल्या जुन्या वास्तूंची देखभाल 'काडू' ही सरकारी संस्था १९८४पासून करते. काडू या वेल्श शब्दाचा अर्थच 'राखणे'. एरवी या मोठ्या किल्ल्यांना बऱ्यापैकी तिकीट असते. पण अनेक वर्षे या संस्थेने १ मार्चला आपल्या बहुतेक ठिकाणी प्रवेश मोफत ठेवला आहे. थंडी अजून सरलेली नसते, वारा झोंबत असतो, तरी लोक येतात. कोटाला डॅफोडिलचे पिवळे फूल किंवा लीक, म्हणजे कांद्याच्या जाड पातीसारखी दिसणारी भाजी, टाचलेली असते. लहान मुली उंच काळी टोपी आणि शाल अशा जुन्या पोशाखात असतात. घरी आल्यावर मटण, बटाटे आणि लीक घातलेले गरम 'काउल' असतेच.

कायर्नार्वनच्या किल्ल्यात मी अशाच एका १ मार्चला गेले होते. एक शिक्षिका मुलांना तटातल्या जंग्या दाखवत होती. जंग्या म्हणजे बाणांचा मारा करण्यासाठी ठेवलेली भोके. तिने मुलांना त्यातून बाहेर बघायला सांगितले आणि विचारले, इथून बाण कोणावर सुटत असे? सात-आठ वर्षांची एक मुलगी म्हणाली, "आपल्यावर." सगळा प्रश्नोत्तराचा खेळ वेल्श भाषेत चालला होता, अर्थ मला त्या शिक्षिकेने नंतर सांगितला. एकेकाळी वेल्श माणसाला जिथे घर करता येत नव्हते, त्या कायर्नार्वन गावात आज दहांतली आठ माणसे वेल्श बोलतात. २०२१च्या जनगणनेत सगळ्या वेल्समध्ये हे प्रमाण १७.८ टक्के भरले. म्हणजे त्या मुलीचे उत्तर जितके महत्त्वाचे, तितकीच ते ज्या भाषेत आले ती भाषाही.

अर्थात जखम पूर्ण भरली आहे असे कोणी समजू नये. १९६९मध्ये याच किल्ल्यात चार्ल्स यांना 'प्रिन्स ऑफ वेल्स' ही पदवी देण्याचा समारंभ झाला, तेव्हा मोठा विरोध झाला होता. २०१७मध्ये एडवर्डच्या फ्लिंट येथील किल्ल्याजवळ लोखंडी कड्याच्या आकाराचे भव्य शिल्प उभारायचे ठरले. एडवर्डच्या किल्ल्यांच्या साखळीला 'लोखंडी कडे' म्हणण्याची पद्धत आहे. आमच्या गुलामीचे स्मारक आमच्याच पैशांनी कशाला, असे म्हणत दहा हजारांहून अधिक लोकांनी निवेदनावर सह्या केल्या आणि बेत रद्द झाला. किल्ला चालतो, मग शिल्प का नको? फरक सरळ आहे. किल्ला इतिहासाने मागे ठेवला आहे, तो राखायचा. शिल्प मात्र आज कौतुकाने उभारले जाणार होते.

१ मार्चला सार्वजनिक सुट्टी मिळावी, ही मागणीही जुनी आहे. वेल्सच्या विधानसभेने २०००मध्ये एकमताने तसा ठराव केला; लंडनने तो मानला नाही. अखेर २०२२मध्ये ग्विनेदच्या काउंटी कौन्सिलने आपल्या कर्मचाऱ्यांना त्या दिवसाची रजा स्वतःच्या अधिकारात दिली.

परक्याने बांधलेल्या वास्तूचे काय करायचे, हा प्रश्न जगात अनेकांपुढे असतो. पाडून टाकावी, की तिचा इतिहास विसरून नुसती सुंदर म्हणून मिरवावी? वेल्श लोकांनी तिसरी वाट धरली. त्यांनी वास्तू राखली, ती कोणाविरुद्ध बांधली गेली हे मुलांना त्यांच्याच भाषेत सांगितले, आणि आपल्या संताच्या दिवशी तिचे दरवाजे सगळ्यांना उघडले.