प्रल्हाद शिंदे : एक गळा, दोन उत्सव

मंडळी, कॅसेटच्या जमान्यात आषाढीला आपल्या पंढरपुरात दुकानादुकानांतून ‘पाऊले चालती’ वाजायचं. आवाज प्रल्हाद शिंदे यांचा. याच गळ्यानं कव्वाली गायली, भीमगीतंही गायली. कव्वालीत वरच्या पट्टीत, खुल्या आवाजात हाक घालावी लागते. तीच हाक त्यांनी विठ्ठलाला घातली. म्हणून ती भोंग्यावरून, गर्दीतूनही स्वच्छ पोचते.

आता हे बघा. विठ्ठलमंदिर दलितांना खुलं व्हावं यासाठी साने गुरुजींना १९४७ साली इथंच उपोषण करावं लागलं. ज्यांना दार बंद होतं, त्यांच्यातल्याच एका गायकाची गाणी पुढे वारकऱ्यांनी आपली मानली. भीमजयंतीला तोच आवाज, आषाढीलाही तोच. आपण मात्र बहुतेक वेळा निम्मेच शिंदे ऐकतो. उरलेले निम्मेही ऐका.