सलामीचा हात आणि गोंदण

अंगावरचे गोंदण, टोचलेली भुवई किंवा ताणून मोठे केलेले कानाचे छिद्र पाहून उमेदवाराची लायकी ठरवण्याची रीत खासगी नोकऱ्यांत बहुधा अलिखित असते. सैन्यात आणि निमलष्करी दलांत मात्र गोंदणापुरती ती लेखी नियमाच्या रूपात आढळते. देवळालीचे तोफखाना विद्यालय, नाशिक रोडचे तोफखाना केंद्र आणि ओझरचा हवाई दलाचा दुरुस्ती तळ ज्या जिल्ह्यात आहे, आणि जेथे सुरगाणा, पेठ, कळवणसारख्या आदिवासी तालुक्यांतील मुलांना भरती हा पक्क्या पगाराच्या मोजक्या मार्गांपैकी एक वाटतो, तेथे हा नियम समजून घेणे अगत्याचे आहे.

भूदलाच्या नियमानुसार कायमस्वरूपी गोंदण कोपरापासून मनगटापर्यंतच्या आतल्या बाजूवर किंवा पंजाच्या पाठीवरच चालते. दंड, छाती, मान किंवा पाठ यांवर ते असल्यास उमेदवार पुढील निवडीतून बाद होतो. केंद्रीय राखीव पोलीस दल, सीमा सुरक्षा दल यांसारख्या निमलष्करी दलांची अट याहून काटेकोर आहे. तेथे धार्मिक चिन्ह किंवा नाव गोंदलेले चालते, पण कोपराखालच्या आतल्या बाजूस ते असायचे तर फक्त डाव्या हातावर, कारण उजवा हात सलामीचा मानला जातो; शिवाय त्याचा आकार त्या अवयवाच्या पाव भागाहून कमी असावा लागतो. उजव्या हाताच्या आतल्या बाजूला ‘आई’ अशी दोन अक्षरे गोंदवून घेतलेला मुलगा म्हणूनच एका दलाच्या वैद्यकीय तपासणीत उत्तीर्ण आणि दुसऱ्या दलाच्या तपासणीत अपात्र ठरू शकतो.

आदिवासी जमातींच्या रूढीनुसार चेहऱ्यावर किंवा अंगावर असलेल्या गोंदणाला भूदल प्रत्येक प्रकरणाचा स्वतंत्र विचार करून सूट देते, ही गोष्ट स्वागतार्ह आहे. कोकणा, वारली, महादेव कोळी आणि भिल्ल समाजांतील जुन्या पिढीच्या स्त्रियांच्या कपाळावर, हनुवटीवर आणि हातांवर हिरवट निळे ठिपके, तुळस, विंचू अशा आकृत्या दिसतात. काजळी आणि झाडपाल्याचा रस यांत बुडवलेल्या सुयांनी त्या उमटवल्या जात आणि मेल्यावर सोबत जाणारा तेवढाच एक दागिना, अशी त्यामागची श्रद्धा असे. परंतु गोंदण केवळ जमातींपुरते कधीच नव्हते. शेतकरी आणि बलुतेदार घरांतील स्त्रियाही ते तितक्याच आवडीने करून घेत, आणि या घरांतील नातवंडांना ती सवलत नाही. त्याहून अवघड प्रश्न जत्रेत यंत्राने नाव कोरून घेतलेल्या आदिवासी मुलाचा आहे, कारण ते गोंदण रूढीचे की हौसेचे, हे तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्याच्या मतावर ठरते.

सोलापूरच्या एका तरुणाला केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाने हातावरील धार्मिक चिन्हामुळे अपात्र ठरवले, तेव्हा 2017 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सैन्यातील सवलतीकडे लक्ष वेधून त्याच्या बाजूने निर्णय दिला. अशी दाद मागण्याचे बळ मोजक्यांकडेच असते. बाकीचे लेसरचा मार्ग धरतात. त्यात प्रकाशाच्या अत्यंत अल्पकालीन झोतांनी त्वचेतील शाईचे कण फोडले जातात आणि शरीरातील पांढऱ्या पेशी ते हळूहळू वाहून नेतात, त्यामुळे काही आठवड्यांच्या अंतराने अनेक बैठका कराव्या लागतात. काळी शाई त्यातल्या त्यात लवकर जाते, हिरवी आणि पिवळी चिवट ठरते, आणि कधी कधी व्रण मागे राहतो.

खासगी नोकरीत तर दाद मागायला जागाच जवळजवळ नाही. राज्यघटनेची कलमे 15 आणि 16 धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान अशी कारणे नोंदवतात, त्यांत बाह्य रूप नाही, आणि समान संधीची घटनात्मक हमी मुख्यतः शासनाविरुद्ध वापरता येते. ब्रिटनमध्येही 2010 च्या समानता कायद्याखालील नियमांनी गोंदणाला संरक्षित विद्रूपतेतून स्पष्टपणे वगळले आहे. एअर न्यूझीलंडने मात्र माओरी समाजाच्या पारंपरिक गोंदणावरून टीका झाल्यानंतर 2019 मध्ये दिसणाऱ्या गोंदणावरील बंदी सर्वच कर्मचाऱ्यांसाठी उठवली, आणि रूढी की हौस हा वादच मिटवला. आपल्याकडे नाकातली चमकी आणि पुरुषाच्या कानातली भिकबाळी सभ्य ठरते, भुवईतली कडी ठरत नाही. या भेदाचा कामाच्या गुणवत्तेशी संबंध दाखवता येत नाही, म्हणून तो अन्यायच म्हणावा लागेल.

नियम बदलेपर्यंत निदान तो वेळेत कळणे हा उमेदवाराचा हक्क मानला पाहिजे. लांबलचक जाहिरातीच्या वैद्यकीय परिशिष्टात दडलेली ही अट अनेकांना धावणे आणि लेखी परीक्षा पार केल्यावर, तपासणीच्या खोलीत प्रथम समजते, आणि तोवर वयोमर्यादा सरत आलेली असते. आश्रमशाळांच्या फळ्यावर आणि भरतीपूर्व प्रशिक्षणाच्या पहिल्याच दिवशी कोणत्या हातावर, कोणत्या बाजूला आणि केवढे गोंदण चालते हे मराठीत, आकृतीसह लावण्यास फारसा खर्च येणार नाही.