घडणं आणि घडवणं (लेखांक ६) : जामखेडची शाळा

साताऱ्याच्या वसतिगृहात भाऊराव पाटलांनी सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला कशी बसवली, ते मागच्या आठवड्यात आपण पाहिलं. पण मुलं कोवळी असतात, त्यांना वळण लावता येतं. पस्तिशी ओलांडलेल्या, शाळेचं तोंड न पाहिलेल्या, जातीची उतरंड आणि घरातली मारहाण नशीब म्हणून सोसलेल्या बाईचं काय? तिच्यात बदल होईल का, आणि झालाच तर गावाला त्याचा काय उपयोग? या प्रश्नाचं मला माहीत असलेलं सर्वांत भक्कम उत्तर जामखेडला आहे.

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दोघेही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातून शिकून बाहेर पडले. खेड्यातल्या गरिबांसाठीच काम करायचं, हे लग्नाच्या वेळीच ठरलेलं होतं. साठच्या दशकात नेवासे तालुक्यातल्या वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात ते रात्रंदिवस राबले. रुग्ण बरे होत आणि काही दिवसांनी तोच आजार घेऊन परत येत. जुलाबाचं मूल बरं करून पाठवावं, तर घरी तेच गढूळ पाणी आणि तीच उपासमार. रुग्णालय कितीही चांगलं चाललं तरी आजार जिथे तयार होतो तिथे आपण पोचतच नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. मग अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेऊन दोघे परतले आणि 1970 मध्ये जामखेडला आले. नगर जिल्ह्याचं हे दक्षिणेकडचं, बीडला लागून असलेलं टोक. पाऊस बेभरवशाचा, जमीन हलकी. जनावरांच्या जुन्या दवाखान्याच्या इमारतीत त्यांनी काम सुरू केलं.

पहिली योजना कोणीही आखली असती तशीच होती. प्रशिक्षित नर्स गावोगाव नेमायच्या. ती फसली. शहरातून आलेल्या तरुण मुलींना गावात एकटं राहणं जमेना आणि गावातल्या बायका त्यांचं ऐकेनात. तेव्हा एका गावच्या सरपंचानेच सुचवलं की आमच्याच गावातली बाई घ्या, तिला शिकवा. आरोळे दांपत्याने ते मानलं. वेल्लोर आणि हॉपकिन्समध्ये शिकून आलेल्या डॉक्टरांनी सरपंचाचा सल्ला मानून आपली आखणी मोडली, ही मला या सगळ्या कहाणीतली सर्वांत महत्त्वाची घटना वाटते. नेतृत्वाची पहिली परीक्षा तिथे झाली आणि ते दोघे उतरले.

गावांनी बायका निवडल्या. बहुतेक निरक्षर, पुष्कळ दलित, काही विधवा, काही नवऱ्याने टाकलेल्या. आठवड्यातून एकदा त्या जामखेडला येत आणि मुक्कामी राहत. शिकायला आजार होते, औषधं होती, बाळंतपण होतं. पण मेबलताईंनी सुरुवात केली ती बाईपासून. मान वर करून बोलणं, स्वतःचं नाव मोठ्याने सांगणं, चारचौघींत उभं राहून आपलं म्हणणं मांडणं, हा अभ्यासक्रमाचाच भाग होता. आपल्याला काही कळत नाही, आपण काही कामाच्या नाही, असं ज्या बाईला पक्कं वाटतं तिचा सल्ला शेजारीण कशाला ऐकेल? म्हणून आधी तो समज काढायचा.

आणि रात्री? मराठा, माळी, मातंग, महार, सगळ्या जातींच्या बायका एका खोलीत शेजारी शेजारी झोपत, एकाच लांबरुंद पांघरुणाखाली. ते मुद्दामच तसं करून घेतलेलं होतं. जातिभेद वाईट असं व्याख्यान देऊन भागलं नसतं. बायकांनी मान डोलावली असती आणि घरी जाऊन वेगळा तांब्या वापरला असता. थंडीच्या रात्री मात्र पांघरूण एकच असेल तर शेजारणीकडे सरकावंच लागतं. एकत्र जेवण, एकत्र झोपणं हे काही जणींना सुरुवातीला फार जड गेलं. पण हे आठवड्यामागून आठवडे, वर्षानुवर्षं चाललं आणि त्यातून ज्या मैत्री झाल्या त्या गावात परतल्यावरही टिकल्या.

मूल्य हा शब्द आपण फार सैल वापरतो. संस्थेच्या भिंतीवर समता लिहिलेलं असतं आणि साहेबांचा कप वेगळा असतो. जामखेडला मूल्य म्हणजे रोजची व्यवस्था होती. कोण कुठे बसतो, कोण कुठे झोपतो, पाणी कुठून येतं, एवढ्या ठोस गोष्टी. 1972च्या दुष्काळात आसपासच्या गावांत कूपनलिका घ्यायची वेळ आली, तेव्हा त्या शक्यतो दलित वस्तीत घेतल्या जातील असं आरोळ्यांनी पाहिलं. बाकीच्या गावाला पाण्यासाठी त्या वस्तीत यावं लागलं. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या विहिरीपासून लांब ठेवलं, त्यांच्या दारात गाव घागरी घेऊन उभं राहिलं. माझ्या मते एवढा एक निर्णय शंभर भाषणांच्या तोडीचा आहे.

गावात परतलेल्या आरोग्यसेविकेपुढचं काम सोपं नव्हतं. जुलाब झालेल्या मुलाचं पाणी तोडायचं, गरोदर बाईने कमी खायचं, बाळाला पहिले दोन-तीन दिवस अंगावर पाजायचं नाही, गोवर म्हणजे देवीचा कोप, हे सगळं घराघरांत ठाम होतं. तिच्या हातात उकळलेलं पाणी, मीठ, साखर, नाळ कापायला निर्जंतुक पातं, थोडी औषधं. आणि एक गोष्ट याहून मोठी, डॉक्टरांचा पाठिंबा. तिने पाठवलेला रुग्ण जामखेडला आला की डॉक्टर त्याच्यादेखत तिचं मत विचारत. श्रेय तिला जाईल असं पाहत. आपल्याकडे डॉक्टर आपलं ज्ञान किती जपून ठेवतात, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना यातलं मोठेपण वेगळं सांगायला नको.

पुरुषही सुटले नाहीत. संध्याकाळी व्हॉलीबॉलच्या निमित्ताने वेगवेगळ्या जातींचे पुरुष एकत्र आणले गेले, त्यातून शेतकरी मंडळं उभी राहिली. झाडं लावणं, बांधबंदिस्ती, पाणी असे विषय त्यांनी हाती घेतले. बायकांची महिला मंडळंही झाली आणि आरोग्यावरून सुरू झालेलं बोलणं दारूपर्यंत, मुलींच्या लग्नाच्या वयापर्यंत आपसूक पोचलं.

परिणाम आकड्यांतही दिसतो. 1971 मध्ये या भागात हजार जन्मांमागे 176 बालकं वर्षाच्या आत दगावत होती. नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंत हा आकडा तिशीच्या खाली आला. 1979 मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेबलताई 1999 मध्ये गेल्या, रजनीकांत 2011 मध्ये.

2005 मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू केलं आणि देशभर आशा कार्यकर्त्या नेमल्या. त्यामागे जामखेड होतं, तशा छत्तीसगडच्या मितानीन या गावच्या आरोग्यसेविका आणि गडचिरोलीचे आरोग्यदूतही होते. ही कल्पना देशभर पोचली याचा आनंद आहेच. आशाताईंमुळे लाखो बाळंतपणं दवाखान्यात झाली, कोविडच्या काळात दारोदार फिरल्या त्या त्याच. पण जामखेडचा गाभा वाटेत राहून गेला, असं मला स्पष्ट वाटतं. आशा होण्यासाठी साधारणपणे आठवी शिकलेली असण्याची अट घातली गेली. जामखेडच्या पहिल्या बहुतेक सेविका त्या अटीत बसल्याच नसत्या. पहिल्या वर्षाचं प्रशिक्षण 23 दिवसांचं ठरलं आणि मोबदला कामागणिक. काम वाटून दिलं, रजिस्टर दिलं. त्या बाईला माणूस म्हणून उभं करायला जो वेळ आणि जी माया लागते, ती योजनेत कुठल्याच रकान्यात आली नाही. गाभा असा राहून गेला की उरते ती फक्त राबणारी बाई, आणि तिने मानधनासाठी मुंबईत आझाद मैदानावर धरणं धरलं की आपल्याला ती तेव्हाच दिसते.

वाचकांपैकी अनेक जण ग्रामपंचायतीत आहात, शिक्षक आहात, बचत गटांत आहात. तुमच्या गावातही ग्राम आरोग्य समिती असते. तिची पुढची बैठक भरेल तेव्हा आशाताईला कोपऱ्यात रजिस्टर घेऊन उभं ठेवू नका. तिला खुर्ची द्या, सर्वांच्या आधी तिला बोलू द्या, आणि तिने सांगितलेल्या गोष्टींपैकी निदान एक तरी त्या महिन्यात ग्रामपंचायतीच्या खर्चाने पूर्ण करा.