व्यायच्या आधी कॅल्शियमची बाटली नको

भूम, परंडा, कळंब भागात गोठ्यावर गेलो की मला हमखास विचारलं जातं, "डॉक्टर, गाय आठवडाभरात वेणार, कॅल्शियमची बाटली सुरू करू का?" मी 'नको' म्हणतो. त्याचं कारण समजून घेऊ.

गाईच्या रक्तात एका वेळी जेमतेम 3 ग्रॅम कॅल्शियम फिरत असतं. व्याल्यावर 10 लिटर चिकातून 20 ग्रॅमहून जास्त बाहेर जातं. ही तूट हाडांतल्या साठ्यातून भरून निघते. पण व्यायच्या आधी आयतं कॅल्शियम मिळत राहिलं, तर हाडांतून ते काढायची शरीराची सवय सुस्तावते आणि ऐन गरजेला जागी व्हायला दोन-तीन दिवस लागतात. नेमक्या त्याच दिवसांत जास्त दुधाची संकरित गाय, विशेषतः तिसऱ्या वेतापुढची, खाली बसते. कान गार पडतात, मान कुशीकडे वळते. हा दुग्धज्वर, नाव ज्वराचं, अंग मात्र थंड! अशा गाईला तोंडातून काही पाजू नका, ते फुप्फुसात जातं. लगेच पशुवैद्यकांना बोलवा. शिरेतून सावकाश कॅल्शियम दिलं की बहुतेक गाई काही तासांत उठतात. उशीर झाला तर गाय जाते आणि कर्जाचा हप्ता तेवढा मागे राहतो.

मग हाडांतला साठा भरायचा कधी? गाभणपणात, आधीपासून. आपल्याकडे ऊसतोडीच्या दिवसांत गव्हाणीत नुसते वाढे असतात. वाढ्यांतलं ऑक्झॅलेट चाऱ्यातलं कॅल्शियम बांधून शेणावाटे नेतं. म्हणून वाढ्यांत कडबा मिसळा, वर चुन्याची निवळी शिंपडा, रोज 50 ग्रॅम खनिज मिश्रण द्या. दोन महिने उरले की गाय आटवा. वासराची बहुतेक वाढ शेवटच्या तीन महिन्यांतच होते. शेवटचे तीन आठवडे मात्र वाढे, चुना आणि कॅल्शियमचं मिश्रण बंद. त्याऐवजी कोणते क्षार द्यायचे ते पशुवैद्यकांना विचारा. भरडा-पेंड थोडी थोडी वाढवत न्या.

व्याल्यावर कोमट पाणी, गूळ आणि शिजवलेली बाजरी देण्याची आपली रीत चांगलीच आहे, फक्त पाटीभर एकदम नको, पोट बिघडतं. वार बारा तासांत पडली नाही तर तिला दगड बांधू नका, ओढू नका, डॉक्टरांना दाखवा. आधी बसलेल्या गाईची कास पहिले दोन दिवस पूर्ण रिकामी करू नका. वासराला मात्र तासाभरात चीक पाजा, दिवसभरात त्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका. खरवस करायचा तो उरलेल्या चिकाचा.