विश्लेषण : व्हिडिओत छापलेली सबटायटल्स झाकता येतात, पण पुसता का येत नाहीत?

बोरिवलीत राहणाऱ्या माझ्या मावशीला हल्ली कमी ऐकू येते. एक जुना मराठी चित्रपट तिला पुन्हा पाहायचा होता. मिळालेल्या प्रतीत तळाशी इंग्रजी सबटायटल्स होती. तिला इंग्रजी वाचायची सवय नाही, म्हणून नातवाने दोन सुट्ट्या घालवून सगळे संवाद मराठीत टाइप केले. चित्रपट सुरू केला, तर मराठी ओळ नेमकी इंग्रजी ओळीवर येऊन बसली आणि दोन्ही वाचता येईनात. ‘ती खालची आधी पूस ना रे,’ मावशी म्हणाली. अडचण नेमकी तिथेच आहे.

ही अक्षरे बंद का होत नाहीत?

ओटीटीवर आपण सबटायटल्स चालू-बंद करतो, कारण ती चित्रापासून वेगळी असतात. कोणती ओळ किती वाजता दिसावी, एवढीच माहिती साध्या मजकुराच्या फाइलमध्ये असते आणि प्लेअर ती ऐनवेळी चित्रावर ठेवतो. हार्डकोडेड सबटायटल्स मात्र चित्रातच छापलेली असतात. नायकाचा सदरा जसा ठिपक्यांनी बनलेला, तशीच ही अक्षरेही. प्लेअरला दोन्हींतला फरक कळत नाही. ओळखायची खूण सोपी आहे. मेन्यूत सबटायटल बंद करूनही अक्षरे दिसत राहिली, तर ती छापलेली आहेत.

फिल्मच्या काळात तर हे अक्षरशः कोरकाम होते. आधी रसायनाने, पुढे लेझरने फिल्मवरचा चित्राचा थर अक्षरांच्या आकारात काढून टाकला जाई. तिथून प्रकाश थेट पडद्यावर येई, म्हणून अक्षरे पांढरी. पांढरे धोतर किंवा टोपी मागे आली की ती वाचता येत नसत, त्याचे कारणही हेच. दूरदर्शनवर रविवारी दुपारी लागणारे प्रादेशिक चित्रपटही इंग्रजी सबटायटल्ससह दाखवले जात. अशा प्रतींची पुढे नक्कल झाली की अक्षरेही सोबत आली.

मग झाकायचे कसे?

आधी अक्षरे कुठे आहेत ते पाहा. सिनेमास्कोप चित्रपट १९२० बाय १०८० ठिपक्यांच्या चौकटीत बसवला की वर आणि खाली सुमारे १३८ ठिपक्यांचे काळे पट्टे उरतात. सबटायटल्स खालच्या पट्ट्यात असतील तर तुमचे नशीब जोरावर. त्यावर काळी पट्टी ठेवा, चित्राचे काहीच जात नाही.

अक्षरे चित्रावर असतील तर काही ना काही गमवावे लागते. मोबाइलवरच्या एडिटरमध्ये ‘क्रॉप’ सर्वांत सोपे वाटते, पण हिशेब करून पाहा. तळाचा १५ टक्के भाग कापला आणि चौकटीचे प्रमाण कायम ठेवायचे म्हणून बाजूही तेवढ्याच कापल्या, तर १६३२ बाय ९१८ ठिपके उरतात. म्हणजे जवळजवळ २८ टक्के चित्र गेले! धूसर पट्टी लावली तर चित्र कापले जात नाही, पण डोळा सतत तिकडेच जातो.

एआय अक्षरे काढून टाकते, असे म्हणतात ते?

काढत नाही, अंदाजाने भरते. दोन ओळींच्या मधल्या क्षणी मागचे दृश्य उघडे पडते. कॅमेरा सरकला तरी झाकलेला भाग पुढच्या-मागच्या चौकटींत सापडतो. तिथून उसने घेऊन भोक बुजवले जाते. मागे साधी भिंत असेल तर काम झकास होते. लाटा, गर्दी किंवा हलणारे हात असतील तर तिथे काहीतरी वळवळताना दिसते. अक्षरांखाली जे होते ते त्या फाइलमध्ये कुठेच शिल्लक नसते, त्यामुळे दुसरा इलाज नाही.

मावशीसाठी आम्ही लॅपटॉपवरचा व्हीएलसी प्लेअर वापरला. मराठी ओळी ‘यूटीएफ-८’ पद्धतीने जतन केल्या, नाहीतर देवनागरीऐवजी भलतीच चिन्हे उमटतात. मग सबटायटलच्या सेटिंगमध्ये ओळीमागे काळी पार्श्वभूमी दिली. ती अर्धपारदर्शक ठेवली तर खालचे इंग्रजी डोकावते, म्हणून पूर्ण गडद केली. आणखी एक खोड निघाली. ही पार्श्वभूमी मराठी ओळीएवढीच रुंद असते. ‘हो’ एवढेच उत्तर आले की इंग्रजी वाक्याची दोन्ही टोके बाहेर! शेवटी टीव्हीच्या तळाशी चक्क काळ्या कार्डशीटची पट्टी चिकटवली आणि मराठी ओळी तिच्या वर सरकवल्या. सगळ्या उपायांत हाच टिकला. मूळ फाइलला हातही लागला नाही, हा आणखी एक फायदा. पंगतीच्या प्रसंगात ताटे पट्टीमागे गेली तेव्हा मात्र मावशीने विचारलेच, ‘वाढलंय काय ते दिसत नाही का?’

हे कायद्यात बसते का?

घरच्या पडद्यावर पट्टी लावल्याने कुणी तुमच्या दारात येणार नाही. ऐकू न येणाऱ्यांसाठी तर प्रताधिकार कायद्याच्या कलम ५२मध्ये २०१२च्या दुरुस्तीने स्पष्ट मुभा आहे. दिव्यांग व्यक्तीला वापरता येईल अशा स्वरूपात कलाकृती बदलता येते आणि तिच्या खासगी वापरासाठी देताही येते. तोच चित्रपट अक्षरे झाकून आपल्या चॅनेलवर चढवणे ही वेगळी बाब. तिथे हक्कदाराची परवानगी लागते.

व्हॉट्सअॅपवर आलेल्या क्लिपच्या तळाशी धूसर पट्टी आणि तिच्यावर नवी वाक्ये दिसली, तर पुढे पाठवण्यापूर्वी थांबा. परक्या भाषेतल्या भाषणाची मूळ सबटायटल्स झाकून भलताच अर्थ चिकटवणे फार सोपे आहे.

आणि व्हिडिओ तुमचा स्वतःचा असेल, मग तो लग्नाचा असो वा लघुपट, तर अंधेरीतल्या एडिट स्टुडिओतून प्रत घेताना अक्षरे नसलेली ‘टेक्स्टलेस’ प्रत आणि सबटायटलची फाइल वेगवेगळी मागून घ्या. प्रोजेक्ट उघडा असतो तोवर ती काढून देणे एडिटरला सोपे जाते. हार्ड डिस्क रिकामी केल्यावर मागितली, तर तुमच्याही वाट्याला कार्डशीटच येईल.