फाइल व्यवस्थापकाचे पुनरारंभण
फाइल व्यवस्थापक म्हणजे व्यक्तिगत संगणकातील फाइली व फोल्डर पडद्यावर दाखविणारी आणि त्यांची प्रत काढणे, नाव बदलणे, त्या काढून टाकणे इ. कामे करणारी आज्ञावली. १९८४ साली मॅकिंटॉश संगणकाबरोबर आलेली ‘फाइंडर’ व १९९५ साली ‘विंडोज ९५’ बरोबर आलेली ‘एक्सप्लोरर’ ही तिची प्रसिद्ध उदाहरणे होत.

एक्सप्लोररकडे डेस्कटॉप व टास्कबार यांचेही काम असते. त्यामुळे ती अडकली, की संपूर्ण संगणकच बंद पडल्याचा भास होतो. वस्तुतः इतर आज्ञावल्या बहुधा चालूच असतात. तिच्या अंतर्गत चालणारी एखादी सदोष जोड-आज्ञावली किंवा जाळ्यातील दुसऱ्या संगणकाकडून उत्तर न येणे, ही अशा अडथळ्याची नेहमीची कारणे होत.

अशा वेळी वीजपुरवठा तोडल्यास जतन न केलेले काम वाया जाते. त्याऐवजी कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या कळा एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडतात आणि यादीतील ‘विंडोज एक्सप्लोरर’ निवडून ‘रीस्टार्ट’ ही आज्ञा देतात. ही सोय ‘विंडोज ८’ मध्ये (२०१२) आली. तत्पूर्वी एक्सप्लोरर बंद करून ती स्वतंत्रपणे पुन्हा सुरू करावी लागे. टास्कबार क्षणभर नाहीसा होऊन परत येतो. फोल्डरांच्या उघड्या खिडक्या मिटतात व प्रत काढण्याचे चालू काम अर्धवट तुटते, म्हणून ते आधी पूर्ण होऊ देणे श्रेयस्कर. अन्य आज्ञावल्यांतील मजकुरास मात्र सामान्यतः धक्का लागत नाही. दोष वारंवार उद्‌भवल्यास नव्याने बसविलेली जोड-आज्ञावली काढून पाहणे इष्ट ठरते.